कचेरीचे ई-मेल मंद का होते? आधी रांग कुठे तुंबली ते पाहा



आपल्या या पत्रिकेतून आम्ही बेणे, लागण, खोडवा, पाणी आणि खते यांविषयी नेहमी लिहितो. या अंकात कचेरीतला एक विषय घेतला आहे. कार्यालयातले ई-मेल मंद चालू लागले तर दोष कसा हुडकावयाचा, हा तो विषय. "हे संगणकवाल्यांचे काम, ऊसवाल्याला त्याचे काय?" असे कोणी म्हणेल. म्हणून आधी तेच सांगतो.

काट्यावर उसाचे वजन झाल्यापासून सभासदाच्या खात्यात पैसे पडेपर्यंत जी साखळी आहे, तिच्यातले पुष्कळ कागद आता ई-मेलने जातात. गट ऑफिसकडून शेती खात्याकडे तोडणीची माहिती, अकौंट खात्याकडून बँकेच्या शाखेकडे ऊसबिलाची यादी, व्यापाऱ्यांकडून साखरेच्या निविदा, मिलमध्ये काही मोडले तर सुट्या भागाची तातडीची मागणी. कित्येक कारखान्यांत हे सारे याच वाटेने चालते. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये ऊस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे देण्याची आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद करण्यात आली. आता समजा शेवटच्या दिवशी दुपारी तीनला यादी पाठवली आणि ती बँकेत साडेपाचला पोचली. तो दिवस गेलाच. पुढे रविवार आला तर दोन दिवस गेले.

दुसरे कारण पैशाचे. ई-मेल मंद झाले की पहिली सूचना येते ती अशी, "यंत्र जुने झाले, नवा सर्व्हर घ्या." सर्व्हर म्हणजे सगळ्यांचे टपाल सांभाळणारे मुख्य यंत्र. त्याची किंमत लाखांत जाते, आणि तो पैसा सभासदांचा असतो. मोटर बरी असून फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, म्हणून पाणी कमी येते, तेव्हा आपण नवी मोटर घेत नाही. इथेही तसेच आहे. नवे यंत्र आणूनही ई-मेल मंदच राहिले, तर पैसे गेले आणि दोष जागच्या जागी राहिला.

टपाल जाते कसे?

समजा, एका कारखान्याच्या मुख्य कचेरीत ६० संगणक आहेत आणि एका खोलीत सर्व्हर आहे. लिपिकाने पत्र लिहून 'पाठवा' हे बटण दाबले. पुढे काय घडते?

(१) पत्र तारेतून स्विच नावाच्या डब्यापर्यंत व तिथून सर्व्हरपर्यंत जाते. स्विच म्हणजे तारांची चौफुली समजा.
(२) सर्व्हर पाठवणाऱ्याचे नाव व पासवर्ड तपासतो आणि पत्र रांगेत ठेवतो.
(३) पत्रात विषाणू आहे का, ते फसवणुकीचे आहे का, याची तपासणी होते.
(४) ज्याला पत्र जायचे त्याचा पत्ता सर्व्हर विचारून घेतो. ही पत्त्यांची वही म्हणजे डी.एन.एस.
(५) पलीकडच्या सर्व्हरशी जोडणी करून पत्र त्याच्या हवाली केले जाते.
(६) तो सर्व्हर पत्र आपल्या डिस्कवर, त्या माणसाच्या पेटीत ठेवतो.

या व्यवस्थेला बरीच वर्षे झाली. अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली जाळ्यावरून एका संगणकातले पत्र दुसऱ्या संगणकाला पाठवले. पत्र हवाली करण्याचे नियम, ज्यांना एस.एम.टी.पी. म्हणतात, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. पत्त्यांच्या वहीची कल्पना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. नियमांत पुढे भर पडत गेली, पण मूळ रीत तीच राहिली. पुढचा घेत नसेल तर पत्र जवळ ठेवावयाचे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावयाचा. म्हणून ई-मेल उशिरा आले म्हणजे बहुतेक वेळा ते वाटेत कुठल्या तरी रांगेत उभे होते असे समजावे. ती रांग शोधणे हेच सारे काम आहे.

काट्यावरच्या रांगेचे गणित

रांग कशी वाढते हे केनयार्डात उभ्या राहिलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. तरी एक हिशेब मांडतो. समजा, काट्यावर एका गाडीला सरासरी ३ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला २० गाड्यांची ताकद. गाड्या आपापल्या सोयीने, मागेपुढे येतात आणि वजनाला लागणारा वेळही कमी-जास्त होतो. अशा वेळी गाडी येऊन उभी राहिल्यापासून वजन होऊन सुटेपर्यंत सरासरी किती वेळ जाईल?

तासाला १० गाड्या आल्या तर ६ मिनिटे.
तासाला १६ गाड्या आल्या तर १५ मिनिटे.
तासाला १८ गाड्या आल्या तर ३० मिनिटे.
तासाला १९ गाड्या आल्या तर ६० मिनिटे.

अठरावरून एकोणीस, म्हणजे गाडी एकच वाढली, पण खोळंबा दुप्पट झाला. या गणिताचा पाया ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन व्यवस्थेचा अभ्यास करताना घातला. सर्व्हरलाही तेच गणित लागू पडते. "काल तर बरे चालले होते, आज एकदम काय झाले?" असे कचेरीत म्हणतात. एकदम काही झालेले नसते. यंत्र काठोकाठ भरत आलेले असते आणि वरून थोडाच भार पडतो.

यातून एक आशेची गोष्टही निघते. तासाला १९ ऐवजी १६ गाड्या आल्या तर तासाचा खोळंबा पंधरा मिनिटांवर येतो. म्हणजे थोडा भार कमी केला तरी फरक मोठा पडतो. नवे यंत्र घेण्याआधी हा प्रयत्न करून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे.

आधी पाच प्रश्न

तक्रार आली की यंत्राला हात लावण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहावीत.

पहिला : एकालाच मंद की सगळ्यांना? एकालाच असेल तर दोष बहुधा त्याच्या संगणकात, तारेत किंवा तुडुंब भरलेल्या पेटीत. एका खोलीतल्या सगळ्यांना असेल तर त्या खोलीचा स्विच पाहावा. सगळ्या कचेरीला असेल तरच सर्व्हरकडे जावे.

दुसरा : पाठवताना मंद की उघडताना? पाठवताना असेल तर रांग, तपासणी, पत्त्यांची वही आणि बाहेरची लाईन बघावी. जुनी पत्रे उघडताना असेल तर डिस्क व पेटीचा आकार बघावा.

तिसरा : आतल्या आत मंद की बाहेरचे? शेती खात्याचे पत्र अकौंट खात्याला झटकन मिळते, पण बँकेला उशिरा पोचते, असे असेल तर कचेरीच्या आत दोष शोधत बसण्यात अर्थ नाही.

चौथा : कोणत्या वेळी? रोज सकाळी दहाला, की दर तासाला, की दिवसभर? ठराविक वेळी मंद होत असेल, तर त्या वेळी दुसरे कोणते काम चालू होते ते पाहावे.

पाचवा : कधीपासून? आणि त्याच्या आधी काय बदलले? नवा स्विच बसवला, विषाणू तपासणीचा नवा प्रोग्रॅम घातला, दहा मोबाईल फोन जोडले, असे काही ना काही निघते.

ही पाच उत्तरे मिळाली की निम्मे काम होते. उत्तरे न घेता यंत्र बंद करून चालू केले, तर तात्पुरते बरे वाटेल, पण रांग कुठे होती याचा पुरावा मात्र पुसला जाईल.

शिक्के वाचा

पूर्वी पाकिटावर प्रत्येक टपाल कचेरीचा शिक्का पडे आणि पत्र कुठे किती दिवस रखडले ते कळे. ई-मेललाही तसे शिक्के असतात. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर, नेहमी न दिसणारा एक मजकूर असतो. 'मूळ मजकूर दाखवा' अशा अर्थाचे बटण दाबले की तो दिसतो. ज्या ज्या सर्व्हरने पत्र घेतले, त्याने आपले नाव आणि वेळ तिथे लिहिलेली असते. नवा शिक्का वर पडतो, म्हणून वाचन खालून वर करावयाचे.

उदाहरण घेऊ. सर्वांत खालचा शिक्का सकाळी १० वाजून २ मिनिटांचा, पाठवणाऱ्याच्या सर्व्हरचा. त्यावरचा १० वाजून ३ मिनिटांचा, आपल्या कचेरीच्या दारातल्या तपासणी यंत्राचा. सर्वांत वरचा १० वाजून ३१ मिनिटांचा, पेट्या सांभाळणाऱ्या सर्व्हरचा. बाहेरून दारापर्यंत यायला एक मिनिट लागले आणि दारापासून पेटीपर्यंत जायला २८ मिनिटे. इथे बाहेरची लाईन वाढवून काही साधणार नाही. रांग दाराच्या आत, तपासणीच्या आणि पेटीच्या दरम्यान आहे.

शिक्के वाचताना दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. वेळेपुढे +०५३० असेल तर ती भारतीय वेळ, +०००० असेल तर ग्रिनिचकडची जागतिक वेळ. हा साडेपाच तासांचा फरक वजा केला नाही तर नसलेला उशीर दिसू लागतो. आणि सर्व यंत्रांची घड्याळे बरोबर लावलेली असावीत. काट्याचे वजनच चुकीचे असेल तर पुढचा हिशेब कसा जुळणार?

याशिवाय सर्व्हर स्वतःची आवक-जावक नोंदवही ठेवतो. तिला लॉग म्हणतात. पत्र केव्हा आले, केव्हा गेले, गेले नसेल तर पलीकडच्याने काय कारण दिले, हे सारे तीत असते. ती वाचण्याची सवय संगणक विभागाला असली पाहिजे.

तुंबण्याच्या जागा

१. तार आणि स्विच. ताशी हजार माणसे जाणारा रस्ता एका खड्ड्याने अडतो. हल्लीच्या एक गिगाबिट वेगाच्या तांब्याच्या तारेत तारांच्या ४ जोड्या असतात आणि त्या चारही लागतात. उंदराने एक जोडी कुरतडली, तर जोडणी तुटत नाही, पण वेग १०० मेगाबिटवर येऊ शकतो, कारण त्याला दोनच जोड्या पुरतात. काम चालू असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तारेची लांबी १०० मीटरच्या आत असावी, हा नियमही नव्या इमारतीत तार ओढताना विसरला जातो. जुन्या स्विचमध्ये आणखी एक दोष आढळतो. एका टोकाचा वेग हाताने ठरवून दिलेला आणि दुसऱ्या टोकाचा आपोआप ठरणारा असला, की एक बाजू एकाच वेळी बोलते व ऐकते आणि दुसरी आळीपाळीने. मग दोघांची टक्कर होत राहते. लहान पत्रे सुरळीत जातात, मोठी रखडतात. स्विचमध्ये प्रत्येक तोंडाच्या चुकांची मोजणी असते, ती पाहिली म्हणजे दोष कळतो. दोन्ही टोके 'आपोआप' या स्थितीत ठेवावीत. खर्च काही नाही.

२. पत्त्यांची वही. सर्व्हरला प्रत्येक पत्रासाठी डी.एन.एस.ला अनेक वेळा विचारावे लागते. सर्व्हरमध्ये अशा दोन वह्यांची नावे लिहिलेली असतात. पहिली बंद पडली असेल तर सर्व्हर थोडा थांबतो आणि मग दुसरीला विचारतो. लिनक्स या प्रणालीत हे थांबणे मुळात ५ सेकंदांचे ठरवलेले असते. एका पत्रामागे चार-सहा विचारणा असतील तर प्रत्येक पत्राला २०-३० सेकंद नुसते थांबण्यात जातात. यंत्र तर रिकामे दिसते. काम कमी आणि उशीर जास्त, असे दिसले की पहिला संशय या वहीवर घ्यावा.

याचा एक नमुना आहे. फसव्या टपालाची काळी यादी ठेवणारी 'ओ.आर.डी.बी.' नावाची एक सेवा होती. जगातले अनेक सर्व्हर प्रत्येक पत्रासाठी तिला विचारीत. ती डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरीही कित्येकांनी तिचे नाव आपल्या सर्व्हरमधून काढले नाही आणि विचारणा चालूच राहिली. शेवटी मार्च २००८ मध्ये तिच्याकडून प्रत्येक विचारणेला "हा काळ्या यादीत आहे" असेच उत्तर येऊ लागले, आणि ज्यांनी नाव काढले नव्हते त्यांचे चांगले टपालही परत जाऊ लागले. तेव्हा सर्व्हर कोणाकोणाला विचारतो, याची यादी वर्षातून एकदा, हंगाम सुरू होण्यापूर्वी, तपासलेली बरी.

३. डिस्क. फिरत्या तबकडीची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा आणि सुई सरकण्याचा वेळ धरला तर एका कामाला सुमारे १२-१३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला अशी ७५-८० कामे झाली की तिची ताकद संपली. साठ संगणक आणि तितकेच मोबाईल फोन दर काही मिनिटांनी "नवे पत्र आले का?" म्हणून विचारू लागले, की ही मर्यादा यायला वेळ लागत नाही. तबकडी नसलेली एस.एस.डी. डिस्क सेकंदाला अशी हजारो कामे करते. म्हणून कित्येकदा सगळा सर्व्हर न बदलता डिस्क बदलली तरी भागते. अनेक डिस्कांच्या जोडणीत एखादी मेली, तर बाकीच्या काम चालू ठेवतात, पण गती घटते. तो लाल दिवा कोणी पाहिला आहे का, हेही विचारावे. दुसरी मेली तर टपालच जाईल.

४. स्मरण, म्हणजे रॅम. ती कमी पडली की यंत्र डिस्कचाच स्मरण म्हणून वापर करू लागते. टेबलावर जागा नाही म्हणून दर कागदाला कपाटाकडे उठावे लागावे, तसे ते होते. मोजून पाहिले तर लगेच दिसते आणि रॅम वाढवणे नव्या यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

५. मोठी जोडपत्रे आणि तुडुंब पेट्या. जोडपत्र पाठवताना दर ३ अक्षरांची ४ अक्षरे करून पाठवली जातात, म्हणून त्याचा भार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. १५ मेगाबाइटचा फोटो २० मेगाबाइट होऊन निघतो. तो ४० बाहेरच्या पत्त्यांवर वेगवेगळा गेला तर ८०० मेगाबाइट झाले. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या लाईनला एवढ्यासाठी निदान ११ मिनिटे लागतात. त्या वेळात मागे उभी असलेली ऊसबिलाची यादी खोळंबते. मोठी नोंद सामायिक जागेत ठेवावी आणि पत्रात तिचा पत्ता द्यावा. स्कॅन करताना साध्या कागदाला फोटोइतका बारकावा ठेवू नये. पाच-सहा वर्षांची हजारो पत्रे एकाच आवक पेटीत ठेवण्याऐवजी हंगामवार कप्पे करावेत. जुन्या पावत्या आपण वर्षवार गठ्ठे बांधून ठेवतो, तसेच.

६. भलत्या वेळची कामे. सर्व टपालाची दुसरी प्रत काढणे, म्हणजे बॅकअप, आणि सगळ्या डिस्कची विषाणू तपासणी ही कामे आवश्यकच आहेत. ती बंद करू नयेत. पण ती सकाळी दहाला लावलेली असतील तर रात्री दोनला लावावीत. दोन तपासणी प्रोग्रॅम एकाच पेटीवर एकदम चालत नाहीत ना, हेही पाहावे. शेतात पाण्याची पाळी ठरवतो तशी यांचीही पाळी ठरवावी.

७. चोरटे टपाल. कोणाचा पासवर्ड चोरीला गेला, तर चोर आपल्या सर्व्हरमधून रातोरात हजारो फसवी पत्रे पाठवतो. सकाळी रांगेत आपले पत्र त्या हजारांच्या मागे उभे असते. पाटाला कोणी रात्री बारे फोडून पाणी पळवावे, तसा हा प्रकार. रांगेत किती पत्रे आहेत आणि ती कोणाच्या नावाची आहेत, हे पाहिले की पाच मिनिटांत उघड होते. ते खाते ताबडतोब बंद करावे, पासवर्ड बदलावा, मग फसवी पत्रे काढावीत. याच काळात बाहेरच्यांनी आपल्याला काळ्या यादीत टाकलेले असू शकते, म्हणून तिथून नाव काढून घेण्याचा अर्जही करावा लागतो. एका खात्याने तासाला किती पत्रे पाठवावीत याची मर्यादा आधीच घातलेली असेल तर नुकसान थोडक्यात आटपते.

८. 'सर्वांना उत्तर'. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत चाचणीचे एक पत्र लाखो कर्मचाऱ्यांच्या यादीला गेले. "मला हे पत्र का आले? माझे नाव काढा," असे उत्तर पुष्कळांनी 'सर्वांना उत्तर' हे बटण दाबून दिले. प्रत्येक उत्तर पुन्हा लाखोंना गेले आणि सगळी व्यवस्था मंदावली. मोठ्या यादीला पत्र पाठवण्याचा अधिकार मोजक्याच लोकांना असावा, हा त्याचा धडा.

एक उशीर मात्र दोष नव्हे. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी "थोड्या वेळाने या" असे मुद्दाम सांगतात. खरा सर्व्हर पुन्हा येतो, फसवा बहुधा येत नाही. त्यामुळे नव्या व्यापाऱ्याचे पहिले पत्र अर्धा-पाऊण तास उशिरा येऊ शकते, पुढची वेळेवर येतात. निविदेची मुदत ठरवताना हे ध्यानी असू द्यावे.

कामाचा क्रम

आमचे सांगणे असे की क्रम सोडू नये. आधी पाच प्रश्न. मग शिक्के आणि नोंदवही. मग रांगेतील पत्रांची संख्या, डिस्क, रॅम आणि लाईन यांचे मोजमाप. मोजमाप मंद असताना घ्यावे, तसे बरे चालत असतानाही घेऊन ठेवावे. निरोगी उसाचे पान कसे असते ते माहीत असल्याशिवाय रोगट पान ओळखता येत नाही. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस पाहावे. तीन बदल एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी तिन्हींचा खर्च होतो. प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहावा.

स्वतःचा सर्व्हर न ठेवता बाहेरच्या कंपनीची ई-मेल सेवा पुष्कळ कार्यालये घेतात. तिथे डिस्क आणि रॅमची काळजी त्यांच्याकडे गेली. पण कचेरीतल्या तारा, स्विच, पत्त्यांची वही, बाहेरची लाईन, मोठी जोडपत्रे आणि पासवर्ड हे आपल्याकडेच राहतात. पाच प्रश्न तिथेही विचारावेच लागतात.

मग नवे यंत्र केव्हा घ्यावे? वरील सर्व जागा तपासल्या, फुकट आणि स्वस्त उपाय झाले, तरीही कामाच्या वेळेत डिस्क किंवा यंत्र सतत काठोकाठ भरलेलेच दिसते, असे मोजमापाचे कागद समोर असतील तेव्हा घ्यावे. यंत्र इतके जुने झाले असेल की त्याच्या प्रणालीला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले, तर ते मंद नसले तरी बदलावे. अशा वेळी चालढकल केली तर चोराला दार उघडे राहते. खरेदीचा विषय संचालक मंडळापुढे येतो तेव्हा त्यासोबत हे कागद असावेत, आणि सभासदांनी सर्वसाधारण सभेत ते मागावेत. तो त्यांचा हक्क आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाची सूचना. कचेरीचे ई-मेल मंद झाले म्हणून घाईने स्वतःच्या खासगी खात्यावरून किंवा मोबाईलवरून ऊसबिलाच्या याद्या पाठवू नयेत. त्यांत हजारो सभासदांची नावे, खाते क्रमांक आणि रकमा असतात. यादी तातडीने द्यायचीच असेल तर ठरलेल्या दुसऱ्या वाटेने, बँकेला फोनवर कल्पना देऊन द्यावी. त्याचप्रमाणे "आमचा खाते क्रमांक बदलला आहे" असे पत्र ई-मेलने आले, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या फोन क्रमांकावर विचारल्याशिवाय बदल करू नये. उशीर झालेला असतो, सगळे गडबडीत असतात, आणि फसवणारा नेमकी तीच वेळ साधतो. सभासदांनीही खाते बदलावयाचे असल्यास गट ऑफिसमध्ये समक्ष येऊन, पासबुक दाखवून अर्ज द्यावा.

लेख वाचून झाल्यावर आपल्या गट ऑफिसमधल्या लिपिकालाही हा अंक दाखवावा. पाच प्रश्नांचा भाग कापून संगणकाशेजारच्या भिंतीवर लावला तरी चालेल.